रवी शास्त्री: अष्टपैलू, की गोलंदाजी टाकणारा सलामीवीर?

कट्टेकरी_दादर
मुंबईच्या अष्टपैलूंची यादी निघाली की शास्त्रीचं नाव डोळे मिटून घेतलं जातं. मला ते पटत नाही. 80 कसोटींत 3830 धावा, सरासरी 35.79, 11 शतकं. फलंदाज म्हणून मान्य. पण 151 बळी 40.96 च्या सरासरीनं, म्हणजे एका बळीमागे तेवढ्या धावा. एका बळीसाठी 104 चेंडू, म्हणजे सतरा षटकांहून जास्त. डावात पाच बळी अख्ख्या कारकिर्दीत दोनदा. अष्टपैलू ठरवायचा जुना हिशेब साधा आहे: फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीच्या वर हवी. इथे पाचाची तूट आहे.

डावखुरी_फिरकी
अहो, त्याच्याकडून काम कुठलं करून घेतलं तेही बघा की. षटकामागे 2.36 धावा. एक टोक बांधून ठेवायचं आणि बळी समोरच्यानं काढायचे, हा करार होता. मणिंदर सिंग किंवा शिवा (लक्ष्मण शिवरामकृष्णन), हे जोडीचे फिरकीपटू, चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढणार, शास्त्री सपाट टाकणार. उंच माणूस, हात वरून येणारा. चेंडू डोळ्यांच्या रेषेवर फारसा चढत नाही, त्यामुळे फलंदाज पुढे येऊन फसत नाही. टप्पा अचूक राहिला की धाव निघत नाही, पण स्टंपिंग आणि स्लिपमधले झेलही आटतात. हा दोष आहेच. मात्र तो 40.96 मध्ये दिसतो आणि समोरच्या टोकाला मिळालेले बळी त्यात दिसत नाहीत.

कट्टेकरी_दादर
'समोरच्यासाठी दबाव टाकला' हे जुन्या काळचे डावखुरे फिरकीपटू बापू नाडकर्णींच्या बाबतीत ऐकून घेईन. त्यांची सरासरी 29 आहे. दबाव टाकणाऱ्यालाही बळी मिळतात साहेब.

गिरगाव_एंड
दोघंही एक गोष्ट सोडताय. फेब्रुवारी 1981, वेलिंग्टन. दिलीप दोशी जखमी, बदली म्हणून विमानानं बोलावलेला हा अठरा वर्षांचा पोरगा दहाव्या क्रमांकावर खेळला आणि सामन्यात सहा बळी घेतले. दोन वर्षांच्या आत तोच कराचीत सलामीला जाऊन 128 करतो. आता सलामीवीरानं डावखुरी फिरकी टाकायची म्हणजे काय होतं? प्रतिस्पर्ध्यांचा डाव संपला की मधे दहा मिनिटं. तीस-पस्तीस षटकं टाकलेला माणूस तेवढ्यात बूट बदलून, पॅड बांधून वेस्ट इंडिजच्या मार्शल-गार्नरसारख्या वेगवान गोलंदाजांसमोर उभा. बोटांची सालं निघालेली असतात आणि बॅटची मूठ त्याच बोटांनी धरायची. त्यामुळे कर्णधारही त्याला जपूनच गोलंदाजी देणार. कसोटीमागे त्याची सरासरी 33 षटकं भरतात. फलंदाजी वर सरकली त्याची किंमत गोलंदाजीनं मोजली.

कट्टेकरी_दादर
विनू मांकड सलामीला जातच होते की! 44 कसोटींत 162 बळी, सरासरी 32.32, आणि कसोटीमागे 55 षटकं. लॉर्ड्स 1952: पहिल्या डावात 72, मग 73 षटकांत 5 बळी, मग 184. तेही डावखुरे फिरकीपटू, तेही मुंबईकडून रणजी खेळलेले. शरीर झेपत नाही हे कारण त्यांनी तेव्हाच खोटं ठरवलंय.

डावखुरी_फिरकी
मांकडांची फूटपट्टी लावली तर जगात चार माणसं उरतील. दक्षिण आफ्रिकेचा जॅक कॅलिस घ्या. 166 कसोटी, 292 बळी, म्हणजे कसोटीमागे 1.76. शास्त्रीचे 1.89. कॅलिसला कुणी 'गोलंदाजी टाकणारा फलंदाज' म्हणत नाही.

कट्टेकरी_दादर
कॅलिसची फलंदाजीची सरासरी 55 आहे, आणि बळी 32 च्या सरासरीनं. अर्धाच आकडा सांगू नका.

चपाती_शॉट
सरासऱ्यांत सिडनी 1992 कुठे बसवणार? 206 धावा, ऑस्ट्रेलियात भारतीयाचं पहिलं द्विशतक. लेगस्पिनर शेन वॉर्नचा पहिला कसोटी बळी तोच, पण द्विशतक काढून झाल्यावर. शेवटच्या दिवशी त्याच सामन्यात 45 धावांत 4 बळी, ऑस्ट्रेलिया 8 बाद 173 वर कसाबसा वाचला. निव्वळ फलंदाज हे करत नाही. आणि 'संथ' म्हणणाऱ्यांसाठी: कोलकात्याच्या ईडनवर कसोटीच्या पाचही दिवशी फलंदाजी केली, पहिल्या डावात 111 काढल्या, आणि त्याच जानेवारी 1985 मध्ये वानखेडेवर बडोद्याविरुद्ध तिलक राजच्या षटकात सहा षटकार, 113 मिनिटांत द्विशतक.

कट्टेकरी_दादर
सिडनी मान्य, तो सामना अष्टपैलूचाच. रणजीतली मारझोड या वादात आणू नका. पण असे सिडनी 80 कसोटींत किती?

गिरगाव_एंड
मोजायला पुढचा काळ मिळाला कुठे? त्याच वर्षी डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत शेवटची कसोटी, वय तीस. गुडघा गेला. डावखुरा गोलंदाज टाकताना उजव्या पायावर आदळतो, उजव्या हाताचा फलंदाज पुढे खेळताना डाव्या गुडघ्यावर वाकतो. या माणसाला दोन्ही गुडघ्यांना सुट्टी नव्हती. फिरकीपटू पिकतो तिशीनंतर, आणि ती वर्षं त्याच्या आकड्यांत नाहीतच. मांकड लॉर्ड्सला 35 वर्षांचे होते, कट्टेकरी.