मदत हवी आहे: खाजगी कॉलेजात एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स) की शासकीय कॉलेजात इलेक्ट्रिकल?

नाशिकची मावशी: भाच्याला एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा) 93 पर्सेंटाईल आहेत. खुला प्रवर्ग, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. गणित आवडतं, कोडिंगला अजून हात लावलेला नाही. घरच्यांना एआय-डीएसच हवंय, मग कॉलेज कुठलंही चालेल. शासकीय कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेलसं वाटतंय. कसं ठरवायचं? आणि कटऑफची पीडीएफ काही केल्या कळत नाहीये.

खडूफळा: आधी पीडीएफ. प्रत्येक रकान्यात वरचा आकडा मेरिट नंबर, त्याखाली कंसात पर्सेंटाईल. जीओपेनएच, जीओपेनओ, जीओपेनएस यांतलं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (मुलाच्या भागाचं विद्यापीठ), ओ बाहेरची, एस राज्यस्तरीय. नाशिकचा मुलगा पुण्यातल्या कॉलेजला एचमध्ये, नागपूरच्या कॉलेजला ओमध्ये. एलने सुरू होणारे रकाने मुलींचे. बरेच जण पहिला दिसेल तो आकडा धरतात आणि तिथेच फसतात.

आता शाखा. नावावर जाऊ नका, दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. इलेक्ट्रिकलला नेटवर्क, मशीन्स, पॉवर सिस्टिम्स; एआय-डीएसला डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेस), संख्याशास्त्र. एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन लेक्चर्सची साइट) 'नेटवर्क ॲनालिसिस' आणि 'डेटा स्ट्रक्चर्स' दोन्ही फुकट आहेत. प्रत्येकी पहिली चार लेक्चर्स बघून त्यातले प्रश्न त्याला कागदावर सोडवू द्या. कुठे वैतागतो ते आठवड्यात कळेल.

टी-स्क्वेअर: एआय-डीएसबाबत एक सावधगिरी. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि एआय-डीएससारख्या संगणक शाखांच्या तुकड्या धडाधड वाढल्या. तुकड्या वाढल्या म्हणून शिकवणारे त्याच वेगाने मिळत नाहीत. कॉलेजला फोन करून विचारा: या शाखेला पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि पहिली बॅच बाहेर पडली का? एनबीए मानांकन (अभ्यासक्रमाच्या दर्जाची मान्यता) शाखेला असतं, अख्ख्या कॉलेजला नव्हे. फाटकावरच्या फलकावर हे सोयीस्करपणे गाळलेलं असतं.

प्लेसमेंटसाठी 'हायेस्ट पॅकेज' विसरा. कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफला (केंद्र सरकारची कॉलेज क्रमवारी) दिलेली माहिती असते, त्यात मीडियन, म्हणजे मधला, पगार बघा. तो सगळ्या शाखांचा एकत्र असतो, तेवढं लक्षात ठेवा.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर पारडं इलेक्ट्रिकलकडे झुकतं. महापारेषण, महावितरण या सरकारी वीज कंपन्यांच्या अभियंता भरतीत शाखेचं नाव लिहिलेलं असतं. इलेक्ट्रिकलवाला कोडिंग शिकून आयटीत जाऊ शकतो; उलटा रस्ता फार अवघड.

नाशिकची मावशी: धन्यवाद! नातेवाईक म्हणताहेत, नक्की मिळेल ते कॉलेज पसंतीक्रमात वर टाका, नाहीतर हातचं जाईल.

खडूफळा: अजिबात नको! वरचा पर्याय नाही मिळाला तर यंत्रणा खालचा बघते, वरचे भरल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. उलट 2025च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का, होतो. तो नाकारला तर पुढच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या बंद. म्हणजे 'नक्की मिळणारं' पहिल्या क्रमांकावर टाकलंत तर पहिल्याच फेरीत तेच गळ्यात पडणार. पहिल्या सहांत मनापासून हवं तेच. सुरक्षित पर्याय त्याखाली, पण भरपूर. तीनशेपर्यंत भरता येतात. दहा-बारावर थांबणारेच रिकाम्या हाताने राहतात. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे आकडे तेवढे ताडून घ्या.

टी-स्क्वेअर: उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे तर टीएफडब्ल्यूएस (शुल्कमाफी योजना) सोडू नका, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पण त्याचा चॉइस कोड (पर्याय भरताना टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा, शेवटी टी असलेला. साधा आणि टीवाला, दोन्ही कोड स्वतंत्र भरावे लागतात. या जागेवर नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, म्हणून नावडत्या शाखेचा टी कोड भरूच नका. टीएफडब्ल्यूएस नाही मिळालं तरी कॅपमधून आलेल्याला ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागास) 50 टक्के शुल्कसवलत आहे, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आजच टाका, जूनमध्ये तिथे रांग लागते.