मदत हवी आहे: मेंदूतली एकतर्फी सूज – ॲमिलॉइड अँजिओपॅथीचा दाह की गाठ?

प्रश्न: रुग्ण ७२ वर्षांचे. तीन आठवड्यांत स्वभाव पार बदललाय, डोकं दुखतं, एकदा फिट आली. एमआरआयच्या फ्लेअर चित्रांवर (यात सूज उठून दिसते) उजव्या टेम्पोरल-पॅरायटल भागात सूज, थेट कॉर्टेक्सच्या (मेंदूचा बाहेरचा थर) खालपर्यंत. डावी बाजू जवळपास स्वच्छ. रिपोर्टात ‘ग्लायोमा?’ (मेंदूची गाठ) लिहून बायोप्सी सुचवली आहे. बायोप्सीशिवाय ॲमिलॉइड अँजिओपॅथीच्या दाहाचं (मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या ॲमिलॉइड प्रथिनामुळे येणारी सूज) निदान धरता येईल का? स्टिरॉइड आजच सुरू करू?

उत्तर: एसडब्ल्यूआय (जुने बारीक रक्तस्राव काळे दाखवणारा एमआरआय) झालंय का? नसेल तर आजच करून घ्या, सगळी मदार त्यावर आहे. काळे ठिपके कॉर्टेक्समध्ये किंवा त्याच्या लगेच खाली हवेत. थॅलॅमस, पॉन्स अशा मेंदूच्या खोल भागांतच असतील तर रक्तदाबाचा संशय जास्त. सुजेच्या बाहेर आणि डाव्या बाजूलाही शोधा. कॉर्टेक्सच्या वळ्यांवर काळी रेघ दिसली (सुपरफिशियल सिडेरोसिस, म्हणजे जुन्या रक्ताचा थर), तर तीही धरा.

या दाहाच्या २०१६ च्या निकषांत वय ४० च्या पुढे, अशी लक्षणं, असममित सूज, एक तरी असा रक्तस्राव आणि दुसरं कारण नसणं, एवढं जुळलं की ‘प्रोबेबल’ (बहुधा हाच आजार). या निकषांची स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) ९७ टक्के सांगतात, पण ती तुलना दाह नसलेल्या अँजिओपॅथीशी होती, गाठीशी नव्हे. म्हणून ‘दुसरं कारण नाही’ ही अट कागदावर उरकू नका.

स्टिरॉइड थोडं थांबवा. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असेल तर तो स्टिरॉइडने विरघळतो आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. मेंदूवर दाब नसेल तर आधी पाठीतलं पाणी काढा: पेशी, प्रोटीन, सायटॉलॉजी (कर्करोगाच्या पेशी शोधायला), हर्पिस आणि जेसी या मेंदूला संसर्ग करणाऱ्या व्हायरसचा पीसीआर.

प्रश्नकर्ता: एसडब्ल्यूआयवर १९ ठिपके, सगळे कॉर्टेक्सलगत, दोन्हीकडे. एडीसी (एमआरआयवर ऊतीतल्या पाण्याच्या हालचालीचं माप) वाढलेला. पाण्यात ४ पेशी, प्रोटीन ७८, बाकी निगेटिव्ह.

उत्तर: मग ‘प्रोबेबल’ धरा, बायोप्सी थांबवा. मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम शिरेतून रोज, ५ दिवस. साखर, रक्तदाब पाहत. नंतर तोंडी प्रेडनिसोलोन, काही महिन्यांत हळूहळू कमी. घाईने बंद केलं तर सूज उलटते. फिटचं औषध चालू ठेवा. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर ते खरंच लागतं का, पुन्हा तपासा.

तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर बायोप्सी कराच. पण सर्जनना आधीच सांगा, नमुन्यात लेप्टोमेनिंजेस (मेंदूवरची पातळ आवरणं) आणि कॉर्टेक्स हवेत. ॲमिलॉइड तिथल्याच रक्तवाहिन्यांत बसतं. नुसत्या आतल्या पांढऱ्या भागात (व्हाइट मॅटर) सुई घातली तर ते निसटतं.