१९३९ च्या जर्मनीतील मॉर्मन मिशनरी
मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे तरुण मिशनरी चर्चच्या खर्चाने युरोप पाहायला जात, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. खर्च ते स्वतः किंवा त्यांचे कुटुंबीय करीत. वयाने विशीतला मुलगाही 'एल्डर' (शब्दशः 'वडीलधारा', त्यांच्या चर्चमधील एक पद) म्हणवला जाई आणि नेहमी एका सोबत्याबरोबर दारोदार फिरे. बहुतेक दारे बंदच होत, हे वेगळे सांगायला नको.

२४ ऑगस्ट १९३९ रोजी युद्ध तोंडावर आलेले असताना चर्चच्या अमेरिकेतील मुख्यालयातून, सॉल्ट लेक सिटीहून, जर्मनी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा ही मुले गावोगाव विखुरलेली होती. देशाबाहेर फक्त दहा मार्क नेता येत असल्यामुळे काहींनी शिल्लक पैशांतून कॅमेरे घेतले, आणि नेदरलँड्सने प्रवेश नाकारल्यावर डेन्मार्कच्या तिकिटालाही त्यांच्याकडे पैसे उरले नाहीत. त्यांच्या शोधात पाठवलेला एक धिप्पाड मिशनरी गर्दीने फुललेल्या स्थानकांवर आपल्या चर्चच्या एका भजनाची चाल शिट्टीवर वाजवत फिरला, आणि ती ओळखून अडकलेली मुले त्याच्याकडे येत गेली. एकतीसपैकी सतरा जण त्याला सापडले. उरलेलेही आपापल्या वाटेने सुखरूप बाहेर पडले. मागे राहिलेल्या जर्मन सभासदांची कथा मात्र याहून कठीण आहे.