'भावनिक श्रम' की आणखी काही?

प्रश्न : 'इमोशनल लेबर'साठी 'भावनिक श्रम' रूढ होऊ लागलं आहे, पण मला ते खटकतं. 'भावनिक होऊ नका' म्हणतो तेव्हा भावनेच्या आहारी जाऊ नका, असंच सांगायचं असतं. इथे तर उलट आहे. स्वतःची भावना आवरून समोरच्याला हवी ती दाखवायची. 'मनधरणी' चालेल का?

प्रतिसाद : मनधरणी नको. ती रुसलेल्याची करतात आणि रुसवा गेला की संपते. ही संज्ञा १९८३ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी मांडली, ती पगारी कामासाठी. त्यांनी हवाईसुंदरींबरोबर थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही अभ्यास केला. एकीने संतापलेल्या प्रवाशापुढे हसतमुख राहायचं, दुसऱ्याने कीव आली तरी दरडावायचं. दरडावणं हेही त्यातच येतं, पण आपण ही संज्ञा नुसत्या गोडव्याला चिकटवतो. म्हणून 'श्रम' हवाच. मी 'भावश्रम' लिहिते. भाव चेहऱ्यावरचा, मनातला, आणि बाजारातलाही. तिन्ही अर्थ इथे लागू पडतात.

प्रतिसाद : भावश्रम पटला. (वर आलेला 'हवाईसुंदरी' हा शब्दही बघा, हुद्द्यातच रूप मागितलंय.) पण ऑफिसातल्या एका प्रकाराला तोही पुरत नाही. नव्या मुलीला धीर देणं, दोघांचं भांडण मिटवणं, साहेबांचा मूड बघून फाईल कधी न्यायची ते इतरांना सांगणं. 'तुम्हाला छान जमतं' म्हणत हे बाईकडे येतं. माझ्याकडे ते अकरा वर्षं होतं आणि वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. याला आपला जुना शब्द आहे : वेठ. मोबदला नाही, आणि नकार द्यायची सोय नाही. नकार दिलाच तर विशेषणं तयार असतात. मोजकं बोलणारा पुरुष 'गंभीर', बाई 'तुसडी'. तो रागावला तर 'कडक', ती 'खाष्ट'. खाष्ट म्हटलं की सासू आठवते. घरातली भूमिका तिच्या मागोमाग ऑफिसापर्यंत येते.

प्रश्नकर्ती : मग माझ्या शब्दसूचीत 'भावश्रम' आणि 'वेठ' अशा दोन वेगळ्या नोंदी करते. क्रियापद मात्र मला सापडलंय, रोज ऐकते ते : 'तू जरा सांभाळून घे.' कुणाला, किती दिवस, कशाच्या बदल्यात, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. 'वेठ'च्या नोंदीखाली उदाहरण म्हणून हेच देईन.