फॉरेन्सिक अकाउंटिंगमध्ये मास्टर्स की आधी सीए? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बी.कॉम. झालंय, सोलापुरात एका सीएंकडे आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) संपत आलीय. रिटर्न भरण्यापेक्षा खोटी बिलं हुडकण्यातच माझा जीव रमतो, म्हणून फॉरेन्सिक अकाउंटिंगचा, म्हणजे हिशेबातली फसवणूक शोधण्याचा, हा प्रश्न.

गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातून कुणी या विषयात मास्टर्स केलंय का? सीए इन्स्टिट्यूटचा एफएएफडी (फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फसवणूक शोधण्याचा) कोर्स सभासदांसाठीच आहे, म्हणजे फायनल सुटेपर्यंत ते दार बंद. सीएफई (सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर) या पात्रतेसाठी अनुभव मोजतात, त्यात आर्टिकलशिप धरतात का?

दुसरी अडचण अभ्यासाची. बेनफर्डचा नियम समजला: नैसर्गिकपणे आलेल्या रकमांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण साधारण ३० टक्के, ९ चं जेमतेम साडेचार. पण आमच्याकडे बरीच बिलं ठरावीक दराची, तिथे तो लावून उपयोग काय? पीएमसी बँकेत (२०१९) तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार २१ हजारांवर बनावट खाती दाखवून बुडीत कर्जं झाकली होती. असं प्रकरण नमुना तपासणीत निसटतं कसं, हे वर्गात खऱ्या कागदांवर शिकवतात की नुसत्या स्लाइड्स?

कायद्याची बाजू तर कच्चीच आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून देताना लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटासाठी कोण देतं, अशील की तपासणारा?

फी, प्लेसमेंट, पुण्या-मुंबईतला सुरुवातीचा पगार, जे खरं असेल ते सांगा. "आधी सीए कर" हे वडील रोजच म्हणतात. तेच म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणा.