मदत हवी आहे: कॅलगरीहून नेल्सनला कुठल्या रस्त्याने जावं?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन कॅलगरीहून ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सनला गाडीने जायचंय. एक रस्ता रेव्हलस्टोकवरून, मग हायवे २३ ने शेल्टर बे, तिथून फेरीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) अप्पर ॲरो लेक ओलांडून गॅलेना बे आणि पुढे नाकुस्प. दुसरा क्रोजनेस्ट पासवरून क्रेस्टन, मग हायवे ३ए ने कूटनी लेकच्या काठाकाठाने कूटनी बे, तिथून बॅलफोरची फेरी, साधारण ३५ मिनिटांची. दोन्ही फेऱ्या फुकट आहेत, पण आधी बुकिंग होत नाही, रांगेत थांबावं लागतं.

माझा जीव दुसऱ्या रस्त्यात अडकलाय कारण कूटनी नदी कॅनडातून अमेरिकेत जाते, माँटाना-आयडाहो फिरून क्रेस्टनजवळ परत येते, आणि बाबांना ते दाखवायचंच आहे, ते आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते. पण आईला वळणांचा फार त्रास होतो आणि ३ए म्हणे खूप वळणांचा आहे, कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का त्या रस्त्याने? दुपारी फेरीला किती थांबावं लागतं? १ ऑक्टोबरपासून विंटर टायर लागतात ते घातलेत, तरी तेव्हा घाटात बर्फ असतो का, प्लीज सांगा.