इन्सुलिनवर घरी जाणाऱ्या पेशंटला दहा मिनिटांत नेमकं काय शिकवायचं?

स्टाफनर्स_नागपूर
मेडिसिन वॉर्डातून पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झालेले पेशंट घरी जातात. बहुतेकांना ३०/७० प्रिमिक्स (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं तयार मिश्रण), सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट अशा धर्तीवर. बरेच जण काटोल, उमरेड, भिवापूरकडचे. घरी फ्रिज नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. एका पेशंटमागे जेमतेम दहा मिनिटं मिळतात. "समजलं का?" विचारलं की "हो जी" येतं, पण पुढच्या ओपीडीला शुगर ३५०. कशाला आधी हात घालावा आणि काय मागे ठेवलं तर चालेल?

मेडिसिन_इनचार्ज
आधी सिरिंज. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात. इन्सुलिन पेनचं काडतूस आणि काही बाटल्या १०० च्या. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. दुकानात लाल संपली की केशरी हातात पडते आणि पेशंट "२० च्या रेघेपर्यंत" इमानदारीनं भरतो. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं २० पर्यंत भरलं तर ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. उलट झालं तर जास्त धोका: १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत म्हणजे ०.५ मिली, थेट ५० युनिट. म्हणून पेनच्या काडतुसातून सिरिंजनं औषध कधीच ओढायचं नाही, हे बजावून सांगा.

कार्डावर नुसतं "१८ युनिट" लिहू नका. "४० ची बाटली, लाल टोपी, १८ ची रेघ" असं लिहा आणि वापरलेल्या सिरिंजची लाल टोपी कार्डाला चिकटवून द्या. दुकानात तीच दाखवायची. आणि हो, "मेडिकलमधून आणा" म्हणू नका. नागपुरात मेडिकल म्हटलं की माणूस मेडिकल कॉलेजला जाऊन उभा राहतो. "औषधाच्या दुकानातून" म्हणा.

मग हाताची कृती. ३०/७० दुधाळ असतं, खाली साका बसतो. बाटली तळहातांमध्ये १० वेळा लाटायची, १० वेळा उलटसुलट करायची, पण खडखडा हलवायची नाही, फेस येऊन डोस चुकतो. १८ युनिट हवा आधी बाटलीत सोडायची, मग औषध ओढायचं. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, रोज आधीच्या जागेपासून बोटभर दूर. एकाच जागी टोचत राहिलं की चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंट मुद्दाम तिथेच टोचतो आणि औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण. हे सगळं तुम्ही करून दाखवू नका, पेशंटकडून करून घ्या.

धंतोली_फार्मसी
साठवणीबद्दल. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरच्या तोंडाशी किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको. एकदा गोठलं की फेकायचं. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे. ४० च्या १० मिली बाटलीत ४०० युनिट असतात, ३० रोजचे धरले तर १३ दिवसांत संपते, प्रश्न नाही. पण रोज १० युनिटवाल्याची बाटली चाळीस दिवस चालते. त्याच्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहून द्या आणि २८ दिवसांनी उरलेलं टाकायला सांगा.

फ्रिज नसेल तर माठ, पण माठातल्या पाण्यात बाटली सोडायची नाही. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली रेती, वर ओलं सुती फडकं. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, डबी लहान मडक्यात. रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी. मडकं सावलीत, वारा लागेल असं ठेवावं. कूलरच्या झोतात ठेवू नका: कूलरची हवा आधीच ओली, त्यात पाणी उडत नाही आणि मडकं थंड होत नाही. पावसाळ्यात याच कारणानं हा उपाय कमी पडतो. आत साधा थर्मामीटर ठेवून ३० च्या खाली आहे ना ते बघावं.

सगळ्यात जास्त औषध वाया जातं ते दुकान ते घर या प्रवासात. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत, एसटीच्या खिडकीशी. उन्हानं बिघडलेलं दुधाळ इन्सुलिन दिसायला जसंच्या तसं असू शकतं, त्यामुळे "रंग बदलला नाही" हा पुरावा धरू नका. शुगर विनाकारण चढली तर आधी बाटली बदला, डोस नाही.

फार्माकॉलॉजी_ट्यूटर
एक भर आणि एक दुरुस्ती. इनचार्ज मॅडम, "बाकी सगळं नंतर" हे पटलं नाही. सिरिंज चुकली की शुगर बहुधा चढते, त्याला वेळ मिळतो. लो झाली तर वेळ मिळत नाही. दहापैकी तीन मिनिटं तिथे द्या.

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड. मोजता आली आणि ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल तरी, तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी बरं नाही वाटलं तर परत. मग पोळी किंवा भात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता गोळ्यांची पिशवी उघडून बघा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी असेल तर साखर चालत नाही, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडूच देत नाही. त्या पेशंटला ग्लुकोज पावडर द्यायला लावा. हे डिस्चार्ज कार्डावर जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं.

उपास विचाराच. "उपास करता का?" असं नाही, "चतुर्थीला, हरितालिकेला, रोज्याला इन्सुलिनचं काय करता?" असं. प्रिमिक्स घेऊन उपाशी राहिलं की शुगर पडते, आणि साबुदाण्याची उसळ खाल्ली की चढते. डोस स्वतः ठरवायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. बंदही करायचं नाही.

आणि "समजलं का?" सोडा. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, कोणती सिरिंज?" असं विचारा.

स्टाफनर्स_नागपूर
टोपी चिकटवायची कल्पना उद्यापासूनच. ज्यांना रेघाच दिसत नाहीत त्यांचं काय?

मेडिसिन_इनचार्ज
भरणारा माणूस कोण ते ठरवा आणि शिकवणी त्याला द्या, पेशंटला नाही. दोन वेगळ्या बाटल्या असतील तर रात्रीच्या बाटलीला जाड रबरबँड, बोटांना कळतो. पेन परवडत असेल तर टिकटिक मोजून डोस लावता येतो, पण १० सेकंद दाबून धरायला आणि सुई काढून ठेवायला तिथेही शिकवावंच लागतं.